पाळण्यातल्या पायांत खुनी दिसतो का?

"मॅडम, तीनपैकी दोन लक्षणं आहेत त्याच्यात. तिसरं दिसायची वाट बघू का?"

समोर बसलेल्या आईने मोबाइल माझ्याकडे सरकवला. स्क्रीनवर एक लेख उघडा होता. सिरियल किलर लहानपणीच कसे ओळखावेत, असा त्याचा विषय. लाल चौकटीत तीन खुणा दिल्या होत्या: वय वाढलं तरी अंथरूण ओलं करणं, आगी लावणं आणि मुक्या प्राण्यांचे हाल करणं. तिचा मुलगा आठ वर्षांचा. रात्री अजून त्याचं अंथरूण ओलं व्हायचं, आणि चार दिवसांपूर्वी त्याने बाथरूमचं दार आतून लावून चादर पेटवली होती. प्राण्यांचं तेवढं राहिलं होतं. शेजाऱ्यांची मांजर घरात शिरली की ती मुलाला दुसऱ्या खोलीत पाठवायची. हे सांगताना तिने मान वर केली नाही.

मी शाळकरी मुलांची समुपदेशक आहे. मारकुटी मुलं, चोऱ्या करणारी मुलं, महिनोन्महिने कुणाशी न बोलणारी मुलं माझ्या खोलीत येऊन जातात, आणि त्यांच्या मागून त्यांचे आईवडील. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग, लाज, हतबलता मला नवीन नाही. पण स्वतःच्या आठ वर्षांच्या पोराची भीती वाटणारी आई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. ती भीती त्या लाल चौकटीतून आली होती. म्हणून हा लेख.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं आपण सहज म्हणून जातो. खुन्याच्या बाबतीत आपल्याला हे मनापासून खरं असावंसं वाटतं. एखाद्या माणसाने दहा-वीस जीव घेतले हे कळलं की पहिला प्रश्न येतो, तो असा का झाला? आणि मग आपण त्याच्या बालपणात उकरायला लागतो. बाप दारुडा होता का, आई मारायची का, डोक्याला मार लागला होता का. काहीतरी सापडतंच. कुणाच्याही बालपणात उकरलं तरी काहीतरी सापडेल. सापडलं की जीव भांड्यात पडतो, कारण आपलं घर तसं नाही. अर्थात ज्यांच्या घरात त्यातलं काही आहे, त्यांचा जीव मात्र टांगणीला लागतो.

त्या तीन खुणांचाच उगम बघा. जॉन मॅकडॉनल्ड या मनोविकारतज्ज्ञाने १९६३ मध्ये अमेरिकेत एक निबंध छापला. त्याने १०० रुग्ण पाहिले होते. ते खुनी नव्हते. खून करीन अशी धमकी दिलेली माणसं होती ती. त्यांतल्या सर्वांत क्रूर वाटलेल्या काही रुग्णांच्या बालपणात या तीन गोष्टी त्याला एकत्र दिसल्या. हे त्याचं दवाखान्यातलं निरीक्षण होतं, सिद्धांत नव्हता. पुढे त्याने स्वतःच नीट पडताळणी केली तेव्हा तो संबंध ठामपणे दिसेना. पण तोवर ही त्रयी त्याच्या हातून निसटली होती. मग एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेच्या लोकांनी तुरुंगात जाऊन ३६ लैंगिक खुन्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतही अशा आठवणी बऱ्याच निघाल्या आणि त्रयीवर जणू सरकारी शिक्का बसला. त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तसंच बालपण गेलेली पण कुणाला बोटही न लावलेली ३६ माणसं शेजारी बसवून तेच प्रश्न कुणी विचारले नाहीत. आणि त्या ३६ जणांतलेही सगळे सिरियल किलर नव्हते.

आता साधा हिशोब करू. सात वर्षांच्या शंभर मुलांपैकी पाच ते दहा मुलं रात्री अंथरूण ओलं करतात. कारणं बहुतेक वेळा शरीराची असतात: गाढ झोप, रात्री लघवी कमी करणारं संप्रेरक पुरेसं न स्रवणं, बद्धकोष्ठता, आनुवंशिकता. दुसऱ्या बाजूला, अमेरिकेत कुठल्याही वर्षी होणाऱ्या एकूण खुनांत सिरियल किलरांचे खून एक टक्काही नसतात, असं एफबीआयच सांगते. इतकी सर्रास दिसणारी खूण घेऊन इतकी दुर्मीळ गोष्ट शोधायला निघालं, तर जवळजवळ प्रत्येक वेळी बोट चुकीच्या मुलाकडेच जाणार. सुतावरून स्वर्ग गाठायचा तो असा, आणि त्याची किंमत मोजतात ती आठ वर्षांची पोरं.

त्या मुलाला मी तिसऱ्या भेटीत विचारलं, चादर का पेटवलीस? तो आधी नखं कुरतडत राहिला. मग म्हणाला, "ती ओली होती." ओली चादर दिसली की बाबा पट्टा काढायचे. धुवून वाळायला वेळ नव्हता, लपवायला जागा नव्हती. म्हणून त्याने ठरवलं की चादरच नाहीशी करायची. ओली असल्यामुळे ती नीट पेटलीसुद्धा नाही, नुसता धूर झाला, असं तो अपराधी आवाजात सांगत होता. जणू पेटली असती तर सगळं ठीक झालं असतं.

त्या चौकटीतली दोन लक्षणं म्हणजे ही एकच गोष्ट होती, आणि ती गोष्ट त्या मुलात नव्हतीच. ती बापाच्या पट्ट्यात होती. मॅकडॉनल्डच्या त्रयीकडे आजचे अनेक अभ्यासक असंच पाहतात. मूल आगी लावत असेल, प्राण्यांना इजा करत असेल, तर त्याच्यावर घरात काय गुजरतंय ते आधी बघा. प्राण्यांचे हाल करणाऱ्या मुलाकडे दुर्लक्ष करा, असं मी मुळीच म्हणत नाही. त्याच्याकडे तातडीने लक्ष द्या. फक्त ते भावी खुनी म्हणून नको, आत्ता या क्षणी काहीतरी सोसणारं मूल म्हणून द्या. या दोन नजरांमधून होणारे उपाय अगदी वेगळे असतात. एक नजर मांजर दुसऱ्या खोलीत ठेवते. दुसरी पट्टा काढून घेते.

खुन्यापासून सुरुवात करून मागे जाण्यात आणखी एक गोम आहे, आणि ती मला सगळ्यांत गंभीर वाटते. या कथांचा मुख्य साक्षीदार स्वतः खुनीच असतो.

एडमंड केम्परचं उदाहरण घ्या. १९६४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी त्याने आजी-आजोबांना गोळ्या घातल्या. त्याला कॅलिफोर्नियातल्या अटास्काडेरोच्या मनोरुग्णालयात ठेवलं. हुशार आणि अदबशीर मुलगा. तिथल्या डॉक्टरांनी त्याला इतर रुग्णांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घ्यायला मदतीला घेतलं. कुठल्या प्रश्नाला कुठलं उत्तर दिलं की माणूस बरा ठरतो, हे तो तिथेच शिकला. १९६९ मध्ये सुटला. १९७२ च्या सप्टेंबरमध्ये दोन मनोविकारतज्ज्ञांनी त्याला तपासून आता याच्यापासून धोका नाही असं लिहून दिलं, आणि त्याची जुनी नोंद मोहोरबंद झाली. त्या तपासणीच्या आधीच त्याने पुन्हा खून करायला सुरुवात केलेली होती. पुढे हाच केम्पर एफबीआयच्या त्या मुलाखतींमधला सर्वांत बोलका, सर्वांत 'उपयोगी' माणूस ठरला. आईच्या छळाची त्याची कहाणी आज कुणालाही तोंडपाठ असते. त्यातलं काही खोटं असेलच असं नाही. पण ज्याने एकदा परीक्षकांना हवी ती उत्तरं दिली, त्याच्या कहाणीवर आपण अख्खं शास्त्र उभं करायचं का?

केनेथ बियांकीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. लॉस एंजेलिसच्या टेकड्यांवर मुलींचे मृतदेह टाकणाऱ्या जोडगोळीतला हा एक. १९७९ मध्ये पकडला गेला तेव्हा संमोहनाखाली त्याच्या तोंडून 'स्टीव्ह' बोलू लागला. खून आपणच केले, केनेथला काहीच ठाऊक नाही, असं तो सांगू लागला. एकाच शरीरात अनेक व्यक्तिमत्त्वं असल्याचं हे प्रकरण आहे, यावर काही तज्ज्ञांचा विश्वासही बसला. मग मार्टिन ऑर्न हे मनोविकारतज्ज्ञ आले. त्यांनी बियांकीच्या कानावर सहज घातलं की खऱ्या रुग्णांत दोन नव्हे, निदान तीन तरी व्यक्तिमत्त्वं असतात. थोड्याच वेळात 'बिली' हजर झाला. पुढे बियांकीने गुन्हा कबूल केला.

टेड बंडी या अमेरिकन सिरियल किलरने वर्षानुवर्षं सगळे गुन्हे नाकारले, आणि जानेवारी १९८९ मध्ये, विजेच्या खुर्चीत मृत्युदंड होण्याच्या आदल्या दिवशी, अश्लील साहित्याविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या एका धर्मनिष्ठ मानसशास्त्रज्ञाला सांगितलं की आपलं वाटोळं अश्लील साहित्याने केलं. हेन्री ली लुकासने शेकडो खून कबूल केले, त्यांतले कित्येक त्याने केलेले असणंच शक्य नव्हतं. समोरच्याला काय ऐकायचंय हे ओळखून तेच विकणं, हे यांच्यातल्या अनेकांचं कसब असतं. बळीही त्यांनी याच कसबाने गाठलेले असतात. तेच कसब अभ्यासकासमोर चालणार नाही, असं का मानायचं?

मग वाटतं, माणूस खोटं बोलेल, मेंदू नाही बोलणार. एड्रियन रेन यांनी १९९७ मध्ये ४१ खुन्यांच्या मेंदूंची चित्रं ४१ सामान्य माणसांच्या चित्रांशी ताडून पाहिली. खुन्यांच्या मेंदूचा पुढचा भाग, जो आवेगाला लगाम घालतो, तो सरासरीने मंद आढळला. हे महत्त्वाचं काम आहे. पण सरासरी म्हणजे माणूस नव्हे. जेम्स फॅलन नावाचे मेंदूचे संशोधक अशीच चित्रं चाळत असताना त्यांच्या हाती एक ठळक चित्र लागलं, अगदी सायकोपॅथच्या, म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव नसलेल्या माणसाच्या, मेंदूसारखं. ते त्यांचं स्वतःचं निघालं. दुसऱ्या एका अभ्यासासाठी घरच्यांची चित्रं काढली होती, त्यातलं. फॅलन यांनी कुणाचा खून केलेला नाही. आपल्याला प्रेमळ घर मिळालं म्हणून आपण वाचलो, असं ते स्वतः सांगत.

सायकोपथीचं माप सगळ्यात प्रसिद्ध आहे ते रॉबर्ट हेअर यांचं. २० मुद्दे, ४० गुण, आणि ३० किंवा त्याहून जास्त झाले की शिक्का. दुसऱ्याचं दुःख आतपर्यंत न पोहोचणं, भीती आणि पश्चात्ताप नसणं, वरवरचा गोडवा, सराईत खोटेपणा. सिरियल किलरांत हे वर्णन पुष्कळदा बसतं. पण सर्वसाधारण लोकसंख्येत अशी माणसं साधारण एक टक्का असावीत असा अंदाज आहे. म्हणजे जगात काही कोटी. ती आपल्या आसपास नोकऱ्या करतात, निवडणुका लढवतात, लग्नं करतात, कित्येकदा लोकांना फार दुःख देतात. खून करत नाहीत.

आणि सगळे सिरियल किलर तरी या मापात कुठे बसतात? रमण राघव १९६८ मध्ये मुंबईत पकडला गेला, त्याने ४१ खून कबूल केले. मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळाने त्याला तपासलं तेव्हा तो भ्रमांच्या विळख्यातला स्किझोफ्रेनियाचा रुग्ण निघाला, आणि फाशीची शिक्षा जन्मठेपेवर आली. (स्किझोफ्रेनिया असलेली बहुसंख्य माणसं कुणालाही इजा करत नाहीत. हे दर वेळी सांगावं लागतं, म्हणून सांगते.) आणि तिकडे इंग्लंडमधला डॉक्टर हॅरल्ड शिपमन. मारहाणीचं बालपण नाही, भ्रम नाहीत, आगी नाहीत. सतरा वर्षांचा असताना आई कर्करोगाने गेली, एवढंच. त्याने आपल्या वयस्क रुग्णांना अफूजन्य औषधाची सुई टोचून मारलं. न्यायालयात १५ खून सिद्ध झाले. नंतरच्या चौकशीने २१५ बळी निश्चित केले. का, ते त्याने मरेपर्यंत सांगितलं नाही.

राघव आणि शिपमन यांच्या मनांत सारखं काय होतं? मला तर काहीच दिसत नाही. सारखे होते ते मृतदेहांचे आकडे. सिरियल किलरची एफबीआयची व्याख्याही तेवढीच आहे: वेगवेगळ्या प्रसंगी दोन किंवा अधिक बळी. त्या व्याख्येत मनाबद्दल एक शब्द नाही. हा शिक्का घटनांचा आहे, आजाराचा नाही. त्यामुळे सिरियल किलरच्या मनाचं एकच गुपित शोधणं म्हणजे प्रत्येक तापाचं एकच कारण शोधणं.

मग मानसशास्त्राने हात टेकायचे का? नाही. त्याने दिशा उलटी करायची. मुलांपासून निघून पुढे जायचं. आणि हे काम झालेलं आहे, फक्त त्यात रक्त नसल्यामुळे ते लाल चौकटीत येत नाही. कॅथी स्पॅट्झ विडम यांनी लहानपणी छळ किंवा आबाळ झाल्याची न्यायालयात नोंद असलेली ९०८ मुलं घेतली, तशाच परिस्थितीतली पण छळाची नोंद नसलेली ६६७ घेतली, आणि पुढे त्यांचं काय झालं ते पाहिलं. १९८९ मध्ये आलेले आकडे असे: अल्पवयात अटक झाली ती छळ सोसलेल्यांत २६ टक्के, इतरांत १७. हिंसक गुन्ह्यासाठी अटक ११ टक्के आणि ८. म्हणजे छळाने धोका नक्की वाढतो. आणि छळ सोसलेल्या शंभरातल्या एकोणनव्वदांना हिंसेसाठी कधी अटक झालेली नव्हती. दोन्ही वाक्यं सारखीच खरी आहेत. आपण पहिलं तेवढं ऐकतो. माझ्या खोलीत येणाऱ्या, सगळं सोसून शहाण्यासारखं वागणाऱ्या पोरांवर हा किती मोठा अन्याय आहे, ते मी रोज बघते.

न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा मागोवा तर आजही चालू आहे. तिथे २००२ मध्ये एक गोष्ट दिसली. मेंदूतली रसायनं मोडणाऱ्या एका विकराचं (एन्झाइमचं) जनुक मंद असलेले मुलगे छळ झाला तर पुढे जास्त आक्रमक निघाले. छळ नसेल तर ते जनुक असून फरक पडला नाही. एकट्या जनुकाने भागत नाही, एकट्या छळानेही नाही. आणि मॉरिशसमध्ये तिसऱ्या वर्षापासून सुमारे शंभर मुलांना दोन वर्षं चांगला आहार, व्यायाम आणि चांगले शिक्षक दिले. तेविसाव्या वर्षी त्यांनी स्वतः सांगितलेले गुन्हे इतरांच्या मानाने सुमारे एक तृतीयांश कमी होते. कुणाच्या कपाळावर काही न लिहिता.

इथे कुणीतरी म्हणेल, हे सगळं समजून घेणं म्हणजे खुन्याला माफ करणं. ज्यांच्या घरचं माणूस गेलं, त्यांनी तसं म्हटलं तर मी गप्प बसेन, तो त्यांचा हक्क आहे. बाकीच्यांना मात्र सांगेन की कारण आणि क्षमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केम्पर तुरुंगातच असायला हवा. आणि 'तो राक्षसच होता' या उत्तराने आपण काही शिकत नाही. उलट राक्षसाची वाट बघत बसतो, तोवर डॉक्टर घरी येऊन सुई टोचून जातो.

मानसशास्त्राला एक गोष्ट मात्र बरीच नीट सांगता येते, सिरियल किलर थांबत का नाही ही. कल्पनेत शेकडो वेळा घोळवलेली गोष्ट तो एकदा करतो. आभाळ कोसळत नाही. कुणी दार ठोठावत नाही. भीती ओसरते, चटक उरते, आणि प्रत्यक्षात मनासारखं झालं नाही म्हणून पुन्हा करावंसं वाटतं. पकडलं न जाणं हाच त्याचा धडा आणि तेच त्याचं बक्षीस. हे बक्षीस त्याला त्याचं बालपण देत नाही. ते आपण देतो, ज्यांच्या नाहीसं होण्याची दखल घेत नाही त्या माणसांच्या रूपाने. ४८ खून कबूल करताना गॅरी रिजवेने २००३ मध्ये स्वच्छ सांगितलं की आपण वेश्या निवडल्या, कारण त्या नाहीशा झाल्याची तक्रार लगेच होत नाही. शिपमनच्या रुग्णांचे मृत्यू फार होताहेत, हे शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मार्च १९९८ मध्ये अधिकाऱ्यांना कळवलं होतं. पोलिसांनी वरवर चौकशी करून प्रकरण मिटवलं. त्यानंतर त्याने आणखी तिघींना मारलं.

खुन्याच्या डोक्यात काय चाललं होतं, यावर आपण रात्र-रात्र जागून ऐकतो, वाचतो. त्या तिघींच्या वेळी ज्यांनी फाइल बंद केली, त्यांच्या डोक्यात काय होतं हे कुणी विचारत नाही. माझ्या मते मानसशास्त्राने तिथेही बसायला हवं. कुणाची तक्रार खरी वाटते आणि कुणाची वाटत नाही, हाही मनाचाच विषय आहे, आणि तो बदलता येण्यासारखा आहे.

मे १९९१ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात एक चौदा वर्षांचा मुलगा नग्न, धड उभं राहता येत नसलेल्या अवस्थेत रस्त्यावर आला. दोन तरुण कृष्णवर्णीय मुलींनी त्याला पाहिलं आणि पोलिसांना बोलावलं. मागोमाग जेफ्री डामर हा सिरियल किलर आला. शांत, गोरा, नीट बोलणारा. हा माझा मित्र आहे, सज्ञान आहे, जास्त प्यायलाय, म्हणाला. मुली ओरडून सांगत होत्या की हे लहान पोर आहे. पोलिसांनी त्यांना गप्प केलं आणि मुलाला डामरच्या घरी परत पोहोचवलं. त्या मुलींपैकी एकीच्या आईने नंतर पोलिसांना फोन केला, तो लहान मुलगा नव्हता याची तुम्हाला खात्री आहे का, म्हणून. खात्री आहे, असं उत्तर आलं. तिने पुन्हा फोन केला. तो मुलगा त्याच रात्री मारला गेला होता. जुलैत डामर पकडला जाईपर्यंत आणखी चौघे गेले.